चष्मेवाल्या बाईंची उलटतपासणी

चष्मेवाल्या बाईंकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्याशी खोटं बोललो. त्याला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचो. जमिनीखालच्या नळांच्या बारीक रेघा मला दोन-दोन दिसायला लागल्या होत्या. हे साहेबांना कळलं तर आपल्याला नकाशाच्या टेबलावरून उठवून आवक-जावकला बसवतील, अशी धास्ती होती. म्हणून बाकावर बसल्या बसल्या मी समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून टाकली. वाचून नव्हे, माझ्या आधी खुर्चीत बसलेली एक मुलगी ती घडाघडा वाचत होती, तिचं ऐकून.

माझी पाळी आल्यावर मीही घडाघडा म्हटली. बाईंनी तक्ता खुंटीवरून काढला, उलटा केला आणि पुन्हा टांगला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती.

"पाठांतर चांगलं आहे काका," त्या म्हणाल्या. "आता डोळे तपासू या का?"

बाकावरची माणसं हसली. माझे कान तापले. बाई मात्र हसल्या नव्हत्या. जवळ येऊन, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, "इथं कोणी नापास होत नाही. झालंच तर चष्मा होतो." त्यांनी दिलेल्या चष्म्यावर मी पुढची चार वर्षं नकाशे काढले आणि टेबलावरूनच निवृत्त झालो.

बाईंबद्दल कुठं काही छापून आलेलं नाही आणि लिहिण्यासारखं आपण काही केलंय असं त्यांना स्वतःलाही वाटत नाही. मला लिहायची सवय नाही. पण मधल्या काळात जे झालं ते निम्मं माझ्या घरात झालं, आणि ते ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यात सगळ्यात रिकामा मीच.

बाईंचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत फ्रेमा, समोरच्या भिंतीला आरसा, टोकाला खुर्ची आणि तक्ता. खुर्चीशेजारी भिंगांची पेटी. तिच्यात धातूच्या कडा असलेली शंभरेक गोल भिंगं खाचांमध्ये उभी असतात. पेटी वडिलांची, दुकानही त्यांचंच. पडदा सरकवला की मागं दोन खोल्या. तिथं बाई आणि त्यांची थोरली बहीण राहतात. थोरलीला कमी ऐकू येतं, पण दुकानात कोण आलंय हे जाणून घ्यायची हौस दांडगी. त्यामुळे दर थोड्या वेळानं पडद्याआडून हाक येते, "कोण गं?" बाई ओरडून उत्तर देतात. म्हणजे कोणाचा नंबर किती वाढला हे रस्त्यावरच्या माणसालाही कळतं.

बाई उंच, काटकुळ्या, साठीच्या. त्यांच्या स्वतःच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आहे. कोणी म्हटलं की म्हणतात, "शिंप्याच्या घरी उघडी पोरं." लग्न केलं नाही. का, असं मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्यांनीच मला चार प्रश्न विचारले असते.

प्रश्न हीच त्यांची ख्याती. आमच्या भागात त्यांना 'उलटतपासणी' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. "वकिलाला काळा कोट तरी मिळतो," त्या म्हणतात, "मला नुसतंच नाव." डोळ्यांसमोर एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "आधीचं बरं की आताचं?" हे सगळेच चष्मेवाले करतात. बाईंची पद्धत अशी, की मध्येच कधीतरी त्या भिंग काढतात, बोटांत फिरवतात आणि तेच परत बसवतात. आणि विचारतात, "आता?"

दहातले सात जण म्हणतात, "हां, हे जास्त बरं."

मग बाईंना कळतं की हा माणूस डोळ्यांनी उत्तर देत नाहीये, भिडेपोटी देतोय. त्या सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, आणि तेव्हापासून 'बरं का' असं विचारत नाहीत. 'काय दिसतं ते सांगा' म्हणतात.

हे त्या कुठं शिकल्या ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्या सोळा वर्षांच्या असताना वडिलांकडे एक बसचालक आला होता. त्याला नोकरीसाठी डोळ्यांचा दाखला हवा होता. वडिलांनी विचारलं, "दिसतं का?" तो म्हणाला, "स्वच्छ." ओळ वाचून दाखवली. वडील भला माणूस, दाखला दिला. तीन आठवड्यांनी त्या चालकानं भर दुपारी बस एका शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर घातली. सुट्टी होती म्हणून नुसती भिंतच पडली. वडील त्या भिंतीकडे रोज जाऊन उभे राहायचे. गवंड्यांनी ती पुन्हा बांधून काढली तरी जायचे. "चूक त्याची नव्हती," बाई म्हणाल्या. "त्याला पोट होतं, तो खोटं बोलणारच. चूक बाबांच्या प्रश्नाची होती. 'दिसतं का' म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?"

आता माझ्या घराकडे येतो.

आमच्या घरी तीन माणसं. मी, सून आणि आठ वर्षांची नात. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला असतो, शनिवारआड येतो. सून इथंच एका छोट्या कंपनीत आहे. औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर सातच माणसं बसतात. त्यांनी एक नवं सर्च इंजिन तयार केलं. नेहमीच्या सर्च इंजिनात आपण काही विचारलं की ओळींखाली ओळी येतात. यांच्यात पडदाभर चित्रं येतात. एकेक चित्र म्हणजे एकेक पान. हवं ते चित्र दाबायचं, पान उघडतं. वाचायचा कंटाळा असणाऱ्यांना बरं, अशी कल्पना. सून दीड वर्ष त्यावर राबत होती. रविवारी नातीच्या केसांना तेल लावतानासुद्धा तिचं अर्धं लक्ष तिकडेच असायचं, आणि पोर ओरडायची, "आई, ते माझं डोकं आहे, की-बोर्ड नाही!"

मग ते लोकांना वापरायला दिलं. वापरून झालं की शेवटी प्रश्न यायचा, 'कसं वाटलं?' खाली पाच चांदण्या आणि दोन शब्द लिहायला चौकट.

महिनाभरानं एका संध्याकाळी सून लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मी शेंगा सोलत होतो.

"बाबा, हे ऐका. तीनशे बारा लोकांनी वापरलं. दोनशे ऐंशी जणांनी चार नाहीतर पाच चांदण्या दिल्यात. आणि हे बघा काय लिहिलंय. छान. खूपच छान. अतिशय उपयुक्त. चित्रं सुंदर. असेच पुढे जा."

"मग चांगलंच आहे की."

"पण परत कोणी येत नाही ना! दुसऱ्या आठवड्यात किती जण आले असतील?"

"किती?"

"एकोणीस. त्यातले सात आम्हीच."

मी आणखी एक शेंग फोडली. ती पुढं म्हणाली, "साहेबांनी आज सांगितलं. दोन महिने. दोन महिन्यांत लोक परत यायला लागले नाहीत तर हे बंद." आणि म्हणाली, "मग इथं दुसरी नोकरी कुठली मिळणार मला? तिकडेच जावं लागेल आम्हाला, ह्यांच्याकडे."

हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मलाही चला म्हणाले असते, आणि मनापासून म्हणाले असते. पण मुलगा तिथं दीड खोलीत राहतो. माझी खाट घालायची तर नातीचं टेबल बाहेर काढावं लागलं असतं. मी जाणार नव्हतो, हे मला तेव्हाच माहीत होतं. दोघींशिवाय ही घराची चौकट कशी वाटेल एवढाच विचार डोक्यात आला आणि शेंगेऐवजी नख सोललं गेलं.

"तुम्ही तरी वापरता ना बाबा? रोज?"

"हो तर," मी म्हणालो.

मी वापरत नव्हतो. एकदाच उघडलं होतं, गोंधळलो, बंद केलं. वर पाच चांदण्या देऊन आलो होतो. सुनेनं केलेल्या गोष्टीला चार कशा देणार?

दोन दिवसांनी माझ्या चष्म्याची नाकावरची गादी निसटली म्हणून बाईंकडे गेलो. चष्मा हातात घेऊन त्यांनी सहज विचारलं, "सून काय म्हणते?"

"छान आहे."

"काय करतेय सध्या?"

"काम."

"काका, तुमचे खांदे पार कानांना लागलेत. काय झालंय?"

मी सांगितलं. माझ्या पाच चांदण्यांसकट सगळं सांगितलं. बाईंनी गादीचा स्क्रू पिळून झाल्यावर चष्मा माझ्या नाकावर ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे तीनशे माणसं बाकावर बसून एकमेकांचं ऐकून ओळ म्हणतायत, आणि पोरगी बिचारी सगळ्यांना 'नजर उत्तम' असा दाखला देतेय. तिला इकडे घेऊन या."

"काय सांगून आणू?"

"तिचं डोकं दुखतं का?"

"दुखतं, संध्याकाळचं."

"मग झालं. खरं कारण आहे. लॅपटॉप घेऊन ये म्हणावं, कोणत्या अंतरावरून बघते ते पाहायचंय. आणि काका, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तुमचं तुम्ही तिला सांगा."

ते मी सांगितलं नाही. पण शनिवारी दुपारी सुनेला घेऊन गेलो.

बाईंनी तिचे डोळे तपासले. थोडा नंबर निघाला. मग त्या म्हणाल्या, "हे तुझं चित्रांचं काय आहे ते दाखव की." बाकावर एक गवंडी बसला होता. त्याला जवळचा चष्मा हवा होता. बाईंनी त्यालाच खुर्चीत बसवलं, एक चष्मा तात्पुरता डोळ्यांवर चढवला आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवला.

"तुम्हाला सध्या काय शोधायचंय?"

"मला? एका बंगल्यात जुन्या फरश्या आहेत, निळ्या नक्षीच्या. त्यातल्या चार फुटल्यात. तशाच हव्यात म्हणतात. कुठून आणू?"

सुनेनं त्याच्या सांगण्यावरून शब्द टाकले. पडदा फरश्यांनी भरून गेला. गवंडी पुढं वाकला. "अरे वा! ही बघा, ही! नाही, ही जरा वेगळी... ही बघू." त्यानं एक चित्र दाबलं, पान बघितलं, मागं आला, दुसरं दाबलं, मागं आला. पाच मिनिटं झाली.

"कसं वाटलं?" सुनेनं विचारलं.

"एकदम झकास ताई! छान केलंय."

सून माझ्याकडे बघून हसली. बाईंनी हात वर केला. "आता तू बोलू नकोस हं. हे बघा दादा, सगळ्यात आधी तुम्ही जी बोट लावून दाखवलीत, ती फरशी परत काढून दाखवा."

"ती? ती काय, इथंच होती." गवंड्याचं बोट पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात गेलं. तिथं हिरवी फरशी होती. बोट उजवीकडे गेलं. खाली गेलं. त्यानं चष्मा काढून पुसला. कपाळावर घाम आला होता. शेवटी तो म्हणाला, "ती गेली असेल बाई."

"कुठं गेली?"

"विकली गेली असेल. चांगली होती ना."

सुनेचं हसू मावळलं. "विकली नाही गेली दादा. ती आहे तिथंच. म्हणजे तिथं नाही, पण आहे. तुम्ही एक चित्र उघडून मागं आलात ना, की तुम्हाला काय आवडतंय ते ओळखून ते सगळी चित्रं नव्यानं लावतं. दर वेळी. तेच तर आमचं..." ती थांबली.

"तेच तर काय?" बाईंनी विचारलं.

"तेच तर आमचं वैशिष्ट्य आहे."

"बरं का ताई, पण आहे छानच," गवंडी घाईघाईनं म्हणाला. "माझंच काहीतरी चुकलं असणार. माझी बोटं जाड."

त्याचं हे वाक्य ऐकलं आणि माझ्यानं राहवलं नाही. कारण मीही हेच समजलो होतो. मी म्हणालो, "माझंही असंच झालं होतं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता मागं फिरायला जागा नव्हती. "मी आपला जुना पंखा दुरुस्त करायचं बघत होतो. हुबेहूब आपल्यासारखा पंखा दिसला. उघडून बघितला, मागं आलो, तर सगळी चित्रं इकडची तिकडे. मला वाटलं आपण काहीतरी भलतंच दाबलं, बिघडवलं. म्हणून गुपचूप बंद केलं. त्यानंतर उघडलंच नाही."

"बाबा! तुम्ही पाच चांदण्या दिल्यात!"

"दिल्या."

"आणि रोज वापरतो म्हणालात!"

"म्हणालो."

पडद्याआडून आवाज आला, "कोण गं?"

"काही नाही, काकांनी कबुली दिली!" बाई ओरडल्या.

मग त्यांनी सुनेला उठवून फ्रेमांच्या भिंतीपुढं उभं केलं. "ह्यातली आवडलेली एक मनात धर. धरलीस? आता डोळे मिट आणि मला सांग, कुठं आहे ती."

"वरून तिसरी ओळ, दाराच्या बाजूनं दुसरी."

"तिचं नाव काय, कंपनी कुठली?"

"ते कसं सांगू? बघितलं नाही."

"कोणीच बघत नाही. माणूस आवडलेली वस्तू जागेवरून लक्षात ठेवतो. म्हणून गिऱ्हाईक खुर्चीत असलं की मी भिंतीवरची एक काडी हलवत नाही, झाडायलासुद्धा. एकदा हलवली होती. एक बाई नवऱ्याला बोलवायला म्हणून बाहेर गेल्या, तेवढ्यात मी चांगल्या चांगल्या फ्रेमा त्यांच्यासाठी खाली आणून लावल्या. मदत म्हणून हं! त्या परत आल्या, दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसल्या, 'छान आहेत सगळ्या' म्हणाल्या आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत."

सुनेनं लॅपटॉप मिटून पिशवीत घातला.

घरी परतताना ती पुढं झपझप चालली होती. मी दोन पावलं मागून चालत होतो. घरी आल्यावर तिनं चहा टाकला, माझा कप माझ्यासमोर जरा जोरातच ठेवला आणि समोर बसली.

"बाबा, अजून काय काय छान म्हणालात तुम्ही मला इतक्या वर्षांत?"

"तसं काही नाही."

"काय काय?"

"भाजीत मीठ जरा पुढं असतं."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

नात हसून हसून खुर्चीवरून घसरली. सूनही शेवटी हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "मिठाचं सोडा हो. हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझा दीड महिना वाचला असता." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी तिनं कंपनीत सगळं सांगितलं आणि तिथं दोन तट पडले. चित्रं नव्यानं लावणारी युक्ती ज्यानं लिहिली होती तो तर चष्मेवाल्या बाईंचं नाव निघालं तरी उठून जायचा. साहेब सुनेला म्हणाले, "मग काय आता फुलवालीला आणि सलूनवाल्यालाही विचारायचं का?" तरी गुरुवारी तेच दुकानात हजर झाले, ही बाई कोण ते बघायला. मी तिथं बाकावर होतो. मुद्दामच बसलो होतो, हे कबूल करतो.

साहेब पस्तिशीचे, सारखे फोनकडे बघणारे. उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, आमची चित्रं हलतात हीच त्यांची खासियत आहे."

"हलू दे की," बाई म्हणाल्या. "फक्त मी बघत असताना नको. बसा ना. फोन फारच लांब धरताय, कधीपासून?"

"नाही नाही, मला व्यवस्थित दिसतं."

"दिसतच असणार. बसा."

त्यांच्यापुढं भल्याभल्यांचं चालत नाही. साहेब बसले. बाईंनी तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, एक भिंग घातलं. "हे बघा. आणि आता हे. कुठलं बरं?" "दुसरं." "आता?" "हां, हे बरं." बाईंनी भिंग काढलं, बोटांत फिरवलं, परत घातलं. "आणि हे?"

"हे सगळ्यात छान," साहेब म्हणाले. "एकदम स्पष्ट."

"आधीचंच आहे."

साहेब त्या जड फ्रेममधून बाईंकडे बघत राहिले. मी खाली मान घातली. लोकांच्या अशा क्षणी मला त्यांच्याहून जास्त लाज वाटते.

"तुमचं काही चुकलं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी विचारलं, तुम्ही मान राखून उत्तर दिलंत. मी मेहनत घेतेय हे दिसत होतं ना तुम्हाला? तुमच्या त्या तीनशे माणसांनाही दिसत होतं."

साहेब फोन खिशात घालून उठले. चष्मा मात्र सांगून गेले.

त्या दिवसापासून सुनेला हिरवा कंदील मिळाला. चित्रं जागच्या जागी राहायला लागली. नवी आली तर खाली, वेगळ्या ओळीत. उघडून बघितलेल्या चित्राला बारीकशी कड यायला लागली. आणि 'कसं वाटलं' हा प्रश्नच त्यांनी काढून टाकला. त्याऐवजी विचारायला लागले, 'काय शोधत होता? शेवटी काय मिळालं?' पहिल्या आठवड्यात जी उत्तरं आली ती वाचून सून दोन वेळा जेवणावरून उठली. 'काही नाही मिळालं.' 'मला बूट हवा होता, बुटांच्या कारखान्याचा इतिहास मिळाला.' 'अक्षरं फार बारीक.' कोणी छान म्हणत नव्हतं. घरात कोणी आजारी असावं तसे दिवस गेले ते. मुलगा फोनवर तिकडच्या शाळांची चौकशी करत होता. मी ते ऐकत नसल्यासारखा पेपर धरून बसायचो. नातीनं एकदा पेपर सरळ करून दिला.

दोन महिने संपले त्या शुक्रवारी साहेबांनी सगळ्यांना सकाळीच बोलावलं होतं. मी अकरापासून गॅलरीत होतो. साडेबाराला सून कोपऱ्यावर दिसली. तिची चाल बघून काही कळेना. ना घाईत, ना रेंगाळत. जिना चढून आली, दारातच पायरीवर बसली आणि चपलेचा पट्टा सोडवता सोडवता म्हणाली, "एकशे चौसष्ट, बाबा."

"काय एकशे चौसष्ट?"

"परत आलेले. त्यात आम्ही कोणी नाही." मग तिनं वर बघितलं. "चालू ठेवतायत. राहतोय आपण."

'आपण' म्हणाली. मी बरं म्हणालो की आणखी काही, ते आठवत नाही. तिला पाणी आणायला आत गेलो, पेला भरला आणि तो मीच पिऊन टाकला. मग दुसरा भरून आणला.

तिनं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं तेव्हा मी चपला घातल्या आणि बाईंकडे निघालो. दुकान दुपारचं बंद होतं. कडी वाजवली. बाईंनी दार किलकिलं केलं. हाताला जेवणाचं खरकटं होतं, आणि चेहरा असा की मी दचकलो.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "सरळ सांगा काका. काय असेल ते."

"चालू ठेवतायत. दोघी इथंच राहणार."

बाईंनी दार पूर्ण उघडलं आणि तिथल्या बाकावर मटकन बसल्या. अठरा वर्षांत मी त्यांना कधी बाकावर बसलेलं पाहिलं नव्हतं. "महिनाभर झोप नाही मला," त्या म्हणाल्या. "भिंगांतलं कळतं, पण त्या यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. उगाच शहाणपण शिकवायला गेले, आणि दुसऱ्याच्या पोरीचं होतं नव्हतं ते काम माझ्या बोलण्यानं बुडालं तर? आज सकाळी दोन गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं. हातच चालेना."

"मला वाटलं तुमची खात्री होती."

"खात्री कसली डोंबलाची!"

आणि त्या हसायला लागल्या. खरकटा हात लांब धरून, दोऱ्यानं बांधलेला चष्मा नाकावरून घसरेपर्यंत हसत होत्या. मीही हसलो. मला एरवी मोठ्यानं हसता येत नाही, लोक बघतील असं वाटतं. तेव्हा काही वाटलं नाही.

पडदा हलला. "कोण गं?" थोरली आतून ओरडली. "काय झालं?"

"राहतायत!" बाई ओरडल्या.

"कोण राहतायत?"

"सगळे!"

"मग जेवायला थांबवून घे," थोरली म्हणाली, आणि आतून ताट मांडल्याचा आवाज आला. मी थांबलो.